भगवा लावायचा, तर उतरवणाराही आधी ठरवा

शिवजयंती होऊन महिना उलटला की नाशिकमध्ये सीबीएसवरून अशोकस्तंभाकडून पंचवटीपर्यंत एक फेरी मारून पाहा. विजेच्या खांबांवर, झाडांच्या फांद्यांना, दुभाजकांच्या जाळीला झेंडे अजून असतात, पण ते भगवे राहिलेले नसतात. उन्हाने रंग विटलेला, टोकांच्या चिंध्या झालेल्या, काठीला पीळ बसून कापड गुंडाळलेलं. लावताना ढोल-ताशा होता, उतरवायला कुणी नाही. या झेंड्यावर चुकून कुणाचा पाय पडला तर चौकात गर्दी जमेल. ऊन-पावसात तोच झेंडा रोज कुजतो, त्याचं मात्र कुणाला काही वाटत नाही.

मंडळं, सोसायट्या, शाळा आणि गडांवर जाणारे गट यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुढचं सगळं एका अटीवर उभं आहे: ज्या झेंड्याला सांभाळणारा माणूस आणि उतरवण्याची तारीख नाही, तो झेंडा लावू नका.

कायद्यात या झेंड्याची जागा काय?

महाराष्ट्राला कायद्याने ठरवलेला स्वतःचा राज्यध्वज नाही. शेजारच्या कर्नाटकात २०१८ मध्ये तिथल्या सरकारने पिवळा-पांढरा-तांबडा ध्वज मंजूर करून केंद्राकडे पाठवला होता. आपल्याकडे तसा सरकारी ध्वज नाही. आहे तो परंपरेने आलेला भगवा, दोन टोकांचा. त्याची जरीच्या किनारीची लष्करी आवृत्ती म्हणजे जरीपटका. मराठी माणूस ज्याला आपला झेंडा म्हणतो तो हाच.

याचा अर्थ असा की, तिरंग्याला जसं १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धच्या कायद्याचं संरक्षण आहे, तसं भगव्यासाठी काही नाही. त्याचं माप, रंगाची छटा, लावण्याची वेळ, कशालाच सरकारी नियम नाही. शिवाय हा रंग एकट्याचाही नाही. त्र्यंबकेश्वरहून पंढरीला निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या दिंडीतली पताका भगवी, २०२७ च्या सिंहस्थासाठी येणाऱ्या आखाड्यांचेही ध्वज भगवे, राजकीय पक्षांचं तर विचारूच नका. तेव्हा ‘हा आमचाच’ म्हणून हक्क सांगण्यात वेळ घालवू नये. आपण लावलेला झेंडा आपण नीट ठेवला, एवढं आपल्या हातात आहे.

त्याचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. सप्तशृंगी गडाच्या शिखरावर वर्षातून दोनदा, चैत्रोत्सवात आणि नवरात्रात, कीर्तिध्वज लागतो. तो लावण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे परंपरेने आहे. झेंडा कोण लावणार, कधी लावणार, हे दरवर्षी नव्याने ठरवावं लागत नाही. त्यावर भांडण होत नाही आणि झेंडा बेवारस राहत नाही. आपल्या गल्लीतल्या झेंड्यासाठी मानकरी घराणं शोधायची गरज नाही, पण एक नाव हवंच.

आधी वही

साधी दोनशे पानी वही घ्या. झेंडा क्रमांक, जागा, लावल्याची तारीख, उतरवायची तारीख, जबाबदार व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत दुसरं कोण, एवढे रकाने आखा. ‘मंडळाचे कार्यकर्ते’ असं लिहू नका. एकाच माणसाचं नाव लिहा. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे गणपतीचा मंडप सोडताना ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

झेंड्यांची संख्या या वहीवरून ठरवा. सांभाळणारी माणसं सहा असतील तर झेंडे सहा. गल्लीभर साठ झेंडे लावून त्यातले पन्नास मार्चमध्ये लोंबत ठेवण्यापेक्षा चौकात एक नीट शिवलेला, ताठ उभा झेंडा बरा दिसतो.

कापड आणि शिलाई

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिलं साटन. चमकदार, स्वस्त, फोटोत छान. पण कडा कापून तशाच सोडलेल्या असतात, वाऱ्यात धागे सुटायला लागले की थांबत नाहीत. दुसरं सुती किंवा खादी. दिसायला सगळ्यात भारदस्त, पण भिजलं की जड होतं, लवकर वाळत नाही. सभागृह, शाळा, एक दिवसाची मिरवणूक यासाठी सुतीच घ्या. तिसरं विणीचं पॉलिस्टर. पावसात लवकर वाळतं, वारा त्यातून थोडा आरपार जातो म्हणून शिवणीवर ताण कमी येतो. उघड्यावर काही आठवडे राहणार असेल तर हे बरं.

प्लास्टिकचे झेंडे घेऊच नका. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंच्या यादीत प्लास्टिकचे झेंडे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर, दोन्ही आहेत. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणेल. दंड मात्र तुम्ही भराल.

रंगाची पारख दुकानातल्या ट्यूबलाइटखाली होत नाही. कापडाचा वीतभर तुकडा आणा, अर्ध्यावर पुठ्ठा बांधा आणि गच्चीवर आठ दिवस उन्हात ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन बाजूंत ठळक फरक दिसला तर ते कापड घेऊ नका. छटा केशरीकडे झुकणारी की गेरूकडे, यावर वाद घालणारे भेटतील, दोन्ही चालतात. मंडळाचे सगळे झेंडे मात्र एकाच ताग्यातले असावेत.

आता बेतणं. माप तुम्हीच ठरवायचं आहे. चौकातल्या झेंड्यासाठी काठीकडची बाजू ३ फूट आणि लांबी ४.५ फूट हे प्रमाण डोळ्यांना बरं वाटतं. दुमडीसाठी तिन्ही बाजूंना १ इंच जास्त धरा आणि काठीच्या बाजूला नेफ्यासाठी ४ इंच. दोन टोकं सारखी यावीत म्हणून कापड लांबीत मधोमध दुमडा, मोकळ्या बाजूकडून दुमडीवर १.५ फूट आत खूण करा आणि तिथून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारून दोन्ही पदर एकदम कापा. उलगडलं की खाच आपोआप मध्यावर येते.

झेंडा फाटतो तो बहुतेक दोन ठिकाणी: मोकळी टोकं आणि खाचेचा कोन. कोनावर आतून त्याच कापडाचा त्रिकोणी तुकडा लावून दुहेरी शिलाई मारा. टोकं तीनदा दुमडून शिवा. धागा सुती नको, ऊन-पावसात तो कापडाच्या आधी कुजतो, पॉलिस्टरचा सांगा. नेफ्याच्या आत कॅनव्हासची पट्टी घातली तर दोरीचा ओढा कापडावर न येता पट्टीवर येतो. शिंपी सुरुवातीला कुरकुर करेल, कारण झेंड्याला एवढं काम कुणी सांगत नाही. तयार रेडीमेड झेंडा घेतलात तरी तो थेट लावू नका, शिंप्याकडून एवढ्या तीन गोष्टी करून घ्या.

टोकाचे धागे निघायला लागले की त्याच आठवड्यात झेंडा उतरवा, इंचभर कापून पुन्हा दुमडून शिवा. झेंडा थोडा आखूड होईल, पण टिकेल.

जरीपटका करायचा असेल तर तो रोजच्या वापरासाठी नको. जरीची किनार पावसात काळवंडते. जिल्ह्यात येवल्यासारखं पैठणीचं गाव आहे, तिथे किनारीसाठी विचारून पाहा. खर्च जास्त, म्हणून असा एकच करा आणि मिरवणुकीच्या अग्रभागी किंवा सभागृहातच ठेवा.

काठी, पाया, दोरी

झेंड्याची लांबी काठीच्या उंचीच्या पाव ते तिसरा हिस्सा असावी. म्हणजे ४.५ फुटी झेंड्याला साधारण साडेतेरा ते १८ फुटांची काठी. गच्चीवर याहून लहान. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घेतला तर वरचं तोंड टोपीने बंद करा, नाहीतर पाणी आत जाऊन पाइप आतून गंजतो, आणि एक दिवस काठी झेंड्यासकट वाकते. खाली पाणी निघायला बारीक भोक ठेवा. खड्डा किमान २ ते २.५ फूट, काँक्रीटने भरलेला. याहून उंच खांबाला इंजिनिअरची सही घ्या. तो विषय या लेखाचा नाही.

कप्पी आणि दोरी जरूर लावा. बरेच झेंडे उतरत नाहीत याचं खरं कारण आळस नाही. शिडी कोण आणणार, हा प्रश्न आहे. खिळा ठोकून लावलेला झेंडा काढायला माणूस वर चढवावा लागतो, कप्पीवरचा झेंडा आठवीतली मुलगीसुद्धा खाली घेते.

वरून किंवा जवळून वीजवाहिनी जात असेल तर ती जागा सोडून द्या. पाइप हातात धरून उभा करताना तो तोल जाऊन कुठपर्यंत पडू शकतो, तेवढं अंतर मोकळं हवं. महावितरणच्या खांबाला झेंडा बांधणं तर सरळ बंद करा.

परवानगी

स्वतःच्या बंगल्यावर, स्वतःच्या गॅलरीत लावायला कुणाला विचारायची गरज नाही. सोसायटीची गच्ची सामाईक असते, म्हणून व्यवस्थापक समितीत ठराव घ्या आणि इतिवृत्तात जागा, माप, कालावधी लिहून ठेवा. एखाद्या सभासदाचा आक्षेप असेल तर तो तेव्हाच समोर येतो, जयंतीच्या सकाळी जिन्यात नाही.

सार्वजनिक रस्ता, चौक, दुभाजक, बाग यांसाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज करा. नाशिकचे सहा विभाग आहेत: पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिकरोड. जागा ज्या विभागात, अर्ज तिथेच. अर्जात ‘झेंडे लावण्यास परवानगी मिळावी’ एवढंच लिहू नका. किती झेंडे, कोणत्या ठिकाणापासून कोणत्या ठिकाणापर्यंत, कधी लावणार आणि कोणत्या तारखेला उतरवणार ते लिहा, सोबत वहीतल्या जबाबदार व्यक्तीचं नाव द्या. उतरवण्याची तारीख स्वतःहून लिहिणारे अर्जदार कमी असतात. तुमचा अर्ज वेगळा दिसेल. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

परवानगी न घेता लावलेल्या झेंड्या-फलकांवर १९९५ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते. झाडाला खिळा ठोकला तर शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा आहेच. वडाच्या खोडात खिळा मारून त्याला महाराजांचा झेंडा बांधायचा, हे महाराजांनाही रुचलं नसतं असं मला वाटतं, पण ते सोडा.

मोटारसायकल फेरी किंवा मिरवणुकीसाठी पोलीस ठाण्यात अर्ज वेगळा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे आदेश शहरात वेळोवेळी लागू असतात आणि त्यात लाठ्या-काठ्या बाळगण्यावरही बंदी येते. झेंड्याची जाड काठी त्या व्याख्येत ओढली जाऊ शकते, म्हणून अर्जात काठीची लांबी आणि जाडी लिहा, बारीक वेळू वापरा. दुचाकीवर झेंडा मागच्या बसलेल्याच्या हातात, नंबरप्लेट उघडी. बस्स.

तिरंगा जवळ असेल तेव्हा

१ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. २००२ ची ध्वजसंहिता स्पष्ट आहे. राष्ट्रध्वजाहून उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने दुसरा ध्वज किंवा पताका लावायची नाही. ज्या काठीवर तिरंगा आहे त्या काठीवर दुसरं काहीही नको. महाराष्ट्रदिनाला तिरंगा आणि त्याच खांबावर खाली भगवा लावलेला दिसतो, तो प्रेमाने लावलेला असला तरी नियमभंगच आहे.

सोपी व्यवस्था अशी. झेंडावंदनाच्या मैदानात त्या सकाळी तिरंगा एकटाच ठेवा. भगवा प्रवेशद्वाराशी किंवा सभामंडपात, वेगळ्या आणि ठळकपणे कमी उंचीच्या काठीवर. कायमचा भगवा खांब मैदानात असेलच, तर त्या दिवशी झेंडा उतरवून ठेवा. यात भगव्याचा काही कमीपणा नाही. मोटारगाडीवर राष्ट्रध्वज लावण्याचा अधिकार ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच असतो, हेही मुलांना सांगून ठेवा. फेरीत दोन झेंडे एका काठीला बांधण्याची हौस तिथेच थांबते.

गडावर

माझं मत इथे बऱ्याच जणांना पटणार नाही: गडावर कायमचा झेंडा नको. सोबत न्या, माथ्यावर हातात धरा, मुजरा करा, फोटो काढा, परत आणा.

कारणं सांगतो. साल्हेर, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १६७२ च्या लढाईचं ठिकाण. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी भूदृश्यांतल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. तिथल्या तटात किंवा कातळात पाइपसाठी भोक पाडणं म्हणजे वारशाला इजा करणं. संरक्षित स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे, दोन्हींत शिक्षेची तरतूद आहे. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र. कड्यांमध्ये गिधाडांची घरटी, पठारावर जगात फार थोड्या ठिकाणी उगवणारं अंजनेरी कंदीलपुष्प. पाया खणायला तिथे गैंती चालवू नका. आणि कुठल्याही माथ्यावर, मे अखेरीच्या वळवात, लोखंडी पाइप उभा असला की वीज त्याला शोधत येते.

रामशेज शहरापासून जवळ आहे, आशेवाडीतून चढायला सोपा. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. तिथे झेंडा लावण्याची ओढ कुणालाही होईल. कायमचा झेंडा लावायचाच असेल तर आधी ग्रामपंचायतीशी बोला, जमीन कोणत्या खात्याकडे आहे ते तलाठ्याकडून समजून घ्या आणि त्या खात्याकडे लेखी अर्ज करा. मग आशेवाडीतलाच एखादा माणूस सांभाळणारा म्हणून ठरवा. नाशिकच्या माणसाने गडावरच्या झेंड्याची जबाबदारी वहीत लिहून घेतली तर ती पावसाळ्यात पाळली जात नाही. हरिहरवर शनिवार-रविवारी कातळपायऱ्यांवर रांग असते. लांब काठी घेऊन त्या पायऱ्या चढू नका, मागच्याच्या डोळ्यात जाईल. काठी दोन तुकड्यांत जोडता येईल अशी न्या.

वापर वाढवायचा कसा

फुकट वाटून नाही. वाटलेला कागदी झेंडा संध्याकाळी गटारात मिळतो. त्याऐवजी उसने झेंडे ठेवा. मंडळाने चांगले शिवलेले वीस-पंचवीस झेंडे करावेत, वाचनालयाच्या पुस्तकासारखे सही घेऊन घरोघरी द्यावेत आणि ठरल्या तारखेला धुऊन परत घ्यावेत. अनामत रक्कम थोडी ठेवा, शिलाईइतकी. जे घर झेंडा वेळेवर आणि स्वच्छ परत करतं, त्याला पुढच्या वेळी आधी द्या. शिवायचं काम वस्तीतल्या बचतगटाला मिळालं तर दुरुस्तीही तिथेच होते.

दिवस कोणते निवडायचे? १९ फेब्रुवारी आणि तिथीची शिवजयंती, १ मे, ६ जूनचा राज्याभिषेक. २७ फेब्रुवारी तर या गावाने विसरताच कामा नये. मराठी भाषा गौरव दिन ज्यांच्या जन्मदिवशी असतो ते कुसुमाग्रज नाशिकचेच. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात सुती झेंडा, मुलांच्या कविता, एवढं पुरतं.

शाळेत झेंड्याबद्दल सांगताना भाषण नको, जवळची गोष्ट सांगा. ‘अटकेपार झेंडे’ हा वाक्प्रचार सगळ्यांना येतो. १७५८ च्या त्या मोहिमेतले राघोबादादा, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावाने ओळखली जाणारी आनंदवल्ली आपल्याच गंगापूर रोडला, हे मात्र आनंदवल्लीतल्या मुलांनाही नेहमी माहीत असतं असं नाही. २०२२ मध्ये नौदलाचा ध्वज बदलला, त्यातला अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे, हेही दाखवा. मग मुलांकडून कागदावर दोन टोकांचा झेंडा बेतून घ्या. भूमितीचा तास आपोआप होतो.

जपायचं कोणापासून

बाहेरच्यांपासून कमी, आपल्यापासून जास्त. झेंड्यावर नेत्याचा फोटो, पक्षाचं चिन्ह, वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्रायोजकाचं नाव, काहीही छापू देऊ नका. ‘दादा, फक्त खाली कोपऱ्यात बारीक नाव’ असं म्हणत कुणीतरी येईलच. त्याला नाव खांबाच्या पायाशी पाटीवर द्या, झेंड्यावर नाही. देणगी नाकारायची वेळ आली तर नाकारा. निवडणूक आचारसंहितेच्या काळात पथकं प्रचारसाहित्य उतरवतात, तेव्हा कोरा झेंडा आणि परवानगीची पोच हाच तुमचा बचाव असतो.

झेंडा फाडला, जाळला, काढून फेकला असं दिसलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करता यावर सगळं ठरतं. झेंड्याला लगेच हात लावू नका. दोन-तीन फोटो काढा, वेळ लिहा, वहीतल्या जबाबदार माणसाला बोलवा. वाऱ्याने फाटला का, पालिकेने काढला का, माकडांनी ओढला का, हे आधी पाहा. पंचवटीत माकडं काही कमी नाहीत. मुद्दाम केलेलं दिसत असेल तर ११२ वर फोन करा, पोलिसांना पंचनामा करू द्या, समोरच्या दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकू नका. ‘बघा, यांनी काय केलं’ अशा एका ओळीने समाजात तेढ निर्माण केल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तुमच्यावरच लागू शकतो, आणि ज्याने झेंडा फाडला तो बाजूला राहतो. दुसऱ्या समाजाच्या दारासमोर, प्रार्थनास्थळाच्या भिंतीला चिकटवून झेंडा लावणं हेही याच कलमाच्या वाटेने जातं. तिथे भगव्याचा मान वाढत नाही, त्याला हत्यार केलं जातं.

जुना झेंडा

गोदावरीत सोडू नका. रामकुंडावरचा निर्माल्य कलश फुलांसाठी आहे, पॉलिस्टरसाठी नाही. सुती झेंडा धुऊन, घडी घालून बागेत मातीत पुरा. वर एखादं रोप लावलं तर उत्तम. पॉलिस्टर जाळलं तर धूर विषारी निघतो, म्हणून त्याचा चांगला भाग कापून लहान हातझेंडे किंवा नेफ्याच्या पट्ट्या करा. उरलेलं धाग्यांचं बोचकं पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या, पण आधी आकार मोडून, झेंडा म्हणून ओळखू येणार नाही असं.

पावसाळ्याआधी बाहेरचे झेंडे उतरवून सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, कडुलिंबाचा सुका पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. वहीत ‘परत आला’ असं लिहून सही घ्या. दुरुस्ती आणि नव्या शिलाईचं काम शिंप्याकडे संक्रांतीच्या आसपास टाका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रविवार कारंज्यावर गेलात तर कडा न शिवलेलं साटनच हातात पडेल.